रुग्णाची पसंती : एका संकल्पनेचे भाषिक परीक्षण

१

मानसिक आजाराने प्रथम डोके वर काढताच त्यावर उपचार सुरू व्हावेत, हा विचार मानसोपचाराच्या क्षेत्रात आता रूढ झाला आहे. त्यामागील कारण उघड आहे. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत पाहणीवरून असे दिसून आले की, ज्यांना आयुष्यात केव्हातरी मानसिक विकार जडतो त्यांच्यापैकी निम्म्यांच्या बाबतीत त्याचा आरंभ वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत आणि तीनचतुर्थांशांच्या बाबतीत चोविसाव्या वर्षापर्यंत झालेला असतो. म्हणजे शिक्षण, व्यवसाय, विवाह या गोष्टी आकार घेण्याच्या वयातच हा आघात होतो. हे ध्यानी घेऊन १९९२ साली पॅट्रिक मॅक्गोरी यांच्या पुढाकाराने मेलबर्न येथे मनोविकृतीच्या पहिल्या झटक्यातून जाणाऱ्या तरुणांसाठी एक स्वतंत्र केंद्र उभे राहिले. पुढे इंग्लंड, डेन्मार्क, कॅनडा, अमेरिका येथेही अशी केंद्रे निघाली. त्यांना आपण या लेखापुरते ‘आरंभकालीन उपचारसेवा’ म्हणू.

केंद्रे निघाली म्हणजे रुग्ण तेथे वेळेवर पोचतात असे मात्र नाही. अमेरिकेतील एकवीस राज्यांमधील ३४ केंद्रांत मनोविकृतीच्या ४०४ रुग्णांवर एक प्रयोग करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. आजाराचा प्रारंभ आणि उपचाराचा प्रारंभ यांमधील अंतराचा मध्यक या रुग्णांत ७४ आठवडे होता. म्हणजे निम्म्या रुग्णांना सतरा महिने किंवा त्याहूनही अधिक काळ उपचारावाचून काढावा लागला होता. शिवाय जे येतात त्यांच्यापैकीही अनेकजण मध्येच येणे सोडतात. दार उघडे आहे, पण आत कोणी येत नाही किंवा आलेला टिकत नाही, अशी ही अवस्था. तिच्यातून मार्ग काढण्यासाठी गेल्या काही वर्षांत ‘रुग्णाची पसंती’ ही संकल्पना पुढे आली. सेवा कोठे असावी, कोणी द्यावी, किती वेळाने मिळावी, हे तज्ज्ञांनी परस्पर न ठरविता रुग्णास विचारून ठरवावे, असा तिचा आशय आहे.

हा आशय स्वागतार्ह आहे याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. प्रस्तुत लेखक मानसोपचाराचा अभ्यासक नाही, तेव्हा या सेवांच्या वैद्यकीय गुणावगुणांविषयी त्याने बोलू नये हेच योग्य. परंतु पसंती ही विचारल्याने व सांगितल्याने कळते, आणि विचारणे व सांगणे ही भाषेची कामे आहेत. ती कोणत्या पुरुषात, कोणत्या क्रियापदाने, कोणत्या संबोधनाने केली जातात यावर हाती येणाऱ्या उत्तराचे स्वरूप अवलंबून असते. या दृष्टीने ‘पसंती’ची जी तपासणी व्हावयास हवी ती झालेली दिसत नाही. तेवढ्यापुरताच हा प्रयत्न आहे.

२

परीक्षणासाठी एक प्रत्यक्ष अभ्यास घेणे सोयीचे होईल. आरंभकालीन उपचारसेवा लोकांना कशी हवी असते हे शोधण्यासाठी कॅनडात झालेला व २०१६ साली एका अमेरिकन मानसोपचार-नियतकालिकात आलेला हा अभ्यास या विषयावरील लेखनात महत्त्वाचा ठरावा. त्यात रुग्ण, रुग्णांचे कुटुंबीय आणि मानसोपचार-व्यवसायी असे एकूण ५६२ जण सहभागी झाले होते. सेवेचे सोळा गुणविशेष निश्चित करण्यात आले आणि प्रत्येकाचे चार प्रकार कल्पिण्यात आले. या गुणविशेषांच्या निरनिराळ्या जुळण्या करून काल्पनिक सेवा उत्तरदात्यांपुढे मांडावयाच्या व त्यांतून एक निवडावयास सांगावयाचे, अशी ही पद्धती आहे.

या पद्धतीचे मूळ मानसोपचारात नाही. १९६४ साली ल्यूस आणि टकी या दोघांनी मापनाच्या उपपत्तीवर जो निबंध लिहिला, १९६६ साली केल्विन लँकॅस्टर यांनी ग्राहक वस्तू विकत घेत नसून वस्तूंचे गुण विकत घेतो असा जो सिद्धांत मांडला, आणि १९७४ साली डॅनियल मॅक्फॅडन यांनी निवडीचे जे गणित सिद्ध केले, त्यांच्या संगमातून ती निर्माण झाली. मॅक्फॅडन यांना या कार्याबद्दल २००० साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रवासी आगगाडीने जाईल की मोटारीने, गृहिणी कोणता साबण घेईल, अशा प्रश्नांत ही पद्धती उत्तम कामास येते. एक हिशेब मात्र लक्षात ठेवावा. सोळा गुणविशेष आणि प्रत्येकाचे चार प्रकार यांच्या संभाव्य जुळण्या ४२९ कोटींहून अधिक होतात. कोणाही माणसापुढे त्यांतील मूठभरच मांडता येतात. उरलेल्यांविषयीचे त्याचे मत गणिताने अनुमानिले जाते. तेव्हा येथे ‘पसंती’ म्हणजे कोणी उच्चारलेले वाक्य नव्हे, हे प्रारंभीच मान्य करावयास हवे.

आता निष्कर्ष पाहू. उत्तरांच्या पृथक्करणातून दोन गट निघाले. एका गटाने (२४१ जण, ४३ टक्के) परंपरागत सेवेकडे कौल दिला : रुग्णालयात असणारी, मानसशास्त्रज्ञ वा मनोविकारतज्ज्ञ चालवितात अशी. दुसऱ्या गटाने (३२१ जण, ५७ टक्के) सोयीच्या सेवेकडे कौल दिला : कोणाच्या चिठ्ठीवाचून स्वतः जाता येईल अशी, घरबसल्या मिळणारी. गमतीची गोष्ट अशी की पहिल्या गटात असण्याचा संबंध रुग्ण वा कुटुंबीय असण्याशी दिसून आला, तर दुसऱ्या गटात असण्याचा संबंध व्यवसायी असण्याशी. दोन्ही गटांचे एकमत झाले ते चार गोष्टींवर : फार थांबावे लागू नये, तज्ज्ञाशी प्रत्यक्ष बोलता यावे, निर्णयात रुग्णाचे स्वातंत्र्य असावे आणि मानसशास्त्रीय उपचारांची माहिती मिळावी.

या अभ्यासाचे मोठे श्रेय असे की, रुग्णास काय हवे याविषयी व्यावसायिकांची जी कल्पना असते ती रुग्णाच्या व त्याच्या घरच्यांच्या कल्पनेशी जुळेलच असे नाही, ही गोष्ट त्याने आकड्यांनिशी दाखविली. आधुनिक तज्ज्ञास वाटते की तरुण रुग्णाला रुग्णालयाचे भय वाटत असणार आणि घरी, यंत्राच्या पडद्यावर, उपचार मिळाले तर तो आनंदाने घेईल. इकडे रुग्ण व त्याचे आप्त मात्र डॉक्टर आणि रुग्णालय यांच्याकडेच पाहत असतात. सेवेची आखणी करणारांनी हा विरोध पुनःपुन्हा वाचावा इतका तो बोलका आहे.

३

परंतु प्रश्न कसा विचारला गेला होता? ‘तुम्ही कोठे जाल?’ असा तो नव्हता. मानसिक आजार असलेले लोक यांपैकी कोणत्या सेवेशी संपर्क साधतील, असा तो होता. प्रश्न तृतीय पुरुषी आहे आणि क्रियापद भविष्यकाळी आहे. अशी योजना करण्यामागील हेतू कळण्याजोगा आहे. रुग्ण, आप्त आणि व्यवसायी या तिघांनाही एकच प्रश्न विचारता येतो, आणि ‘तुम्ही’ म्हटल्याने जो संकोच होतो तो टळतो. पण त्याची किंमतही मोजावी लागते. तृतीय पुरुषी भविष्यकाळात दिलेले उत्तर ही पसंती नव्हे. ते भाकीत आहे. ‘लोक रुग्णालयात जातील’ या वाक्यात ‘मला रुग्णालयात जावेसे वाटते’ हे वाक्य दडलेले असेलच असे नाही. कदाचित त्यात ‘लोकांना रुग्णालयातच नेले जाते’ हा अनुभव दडलेला असेल. रुग्ण आणि आप्त परंपरागत गटात अधिक पडले याचे हेही एक स्पष्टीकरण असू शकेल : त्यांनी आपली इच्छा सांगितली नसून आपण पाहिलेले जग सांगितले. यांतील खरे कोणते हे आकड्यांवरून ठरविता येत नाही, कारण प्रश्नानेच दोहोंची सरमिसळ केली आहे.

दुसरा मुद्दा याहून गंभीर आहे. या पाहणीत ‘रुग्ण’ म्हणून उत्तर देणारे लोक स्वतःस रुग्ण म्हणवून घेण्याच्या टप्प्यावर येऊन पोचलेले होते. आरंभकालीन सेवेचा खरा ग्राहक मात्र अद्याप तेथे पोचलेला नसतो. त्याला झोप लागत नाही, अभ्यासात लक्ष लागत नाही, वसतिगृहातील मुले आपल्याविषयीच कुजबुजतात असे वाटते. याला ‘आजार’ म्हणावे की नाही हे त्याला ठाऊक नसते. ‘मानसिक आजार असलेले लोक’ या पदसमूहात तो स्वतःस मोजत नाही. म्हणजे ज्याच्यासाठी ही सेवा आहे त्याला ज्या शब्दांनी हाक मारली जाते, ती हाक त्याला लागूच होत नाही. आरंभकालीन सेवेपुढील ही अडचण वैद्यकीय असण्याआधी भाषिक आहे, असे म्हणावयास हरकत नसावी.

४

हाच प्रश्न मराठीत विचारावयाचा झाला तर काय होईल? इंग्रजीतील ‘प्रेफरन्स’ या एका शब्दाच्या जागी मराठीत निदान चार क्रियापदे उभी राहतात आणि त्यांतील प्रत्येकाची वाक्यरचना निराळी असते. ‘त्याने हे केंद्र निवडले’ या वाक्यात तो कर्ता आहे. क्रिया त्याच्या हातून घडली आहे. ‘त्याला हे केंद्र आवडले’ यात तो अनुभव घेणारा आहे. आवड त्याच्या ठिकाणी उत्पन्न झाली, त्याने ती केली नाही. ‘त्याला हे केंद्र पाहिजे’ यात गरज आहे. ‘पाहिजे’ हे ‘पाहणे’ या धातूच्या जुन्या कर्मणी रूपातून आलेले असले, तरी आज त्याचा अर्थ उणिवेशी जोडला गेला आहे. जे नाही ते पाहिजे असते. आणि शेवटी ‘त्याला हे केंद्र चालेल’. येथे निवड नाही, आवड नाही, गरजही नाही. विरोध नाही, एवढेच आहे.

मराठी माणूस डॉक्टरापुढे, साहेबापुढे, गुरुजनांपुढे बोलताना यांपैकी कोणते क्रियापद वापरतो हे सांगण्याची आवश्यकता नाही. ‘निवडणे’ हे क्रियापद तेथे उद्धटपणाचे वाटते, ‘आवडणे’ हे लाडिकपणाचे, ‘पाहिजे’ हे हट्टाचे. उरते ते ‘चालेल’. किंवा त्याहूनही नम्र असे ‘तुम्ही म्हणाल तसं’. प्रश्नावली तयार करणारा हे उत्तर ऐकतो आणि ‘पसंत’ या रकान्यात खूण करतो. भाषांतराची चाचणी म्हणून मराठी मजकूर पुन्हा इंग्रजीत करून पाहण्याची जी प्रथा आहे, तिच्यानेही हा दोष उघडकीस येणार नाही. ‘चालेल’चे इंग्रजी भाषांतर ‘मान्य आहे’ अशा अर्थाचे होते आणि ते चुकीचेही नसते. हरवते ते एवढेच की बोलणाऱ्याने स्वतःस त्या निर्णयातून बाजूस काढून घेतले आहे.

या संदर्भात प्रस्तुत लेखकाच्या हातून घडलेली एक चूक नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गातील एक हुशार विद्यार्थी एकाएकी तासांना येईनासा झाला. चौकशी करता त्याची लक्षणे वर वर्णिली तशीच निघाली. ओळखीने एका ठिकाणी त्याच्यासाठी वेळ ठरविली आणि त्याला बोलावून सांगितले, “मंगळवारी अकराची वेळ घेतली आहे. चालेल ना?” तो म्हणाला, “चालेल, सर.” तो गेला नाही. वर्षाअखेर त्याने अभ्यासक्रमही सोडला. सुमारे दोन वर्षांनी तो भेटावयास आला तेव्हा उपचार घेत होता व बराच सावरला होता. बोलता बोलता त्याने सांगितले की त्या वेळी त्याला जावयाचे होते. पण त्या दारावरची पाटी रस्त्यापलीकडील बसथांब्यावरून वाचता येते, आणि सकाळी अकराच्या सुमारास त्याच्या गावची मुले त्याच थांब्यावर उतरतात. संध्याकाळची वेळ असती तर तो गेला असता. तेव्हाच हे का सांगितले नाहीस, असे विचारल्यावर तो म्हणाला, “तुम्ही चालेल ना, असं विचारलंत.”

भाषाशास्त्राच्या अध्यापकास हे विद्यार्थ्याकडून कळावे ही लाजिरवाणी गोष्ट होय. ‘ना’ हे अव्यय होकाराची अपेक्षा धरते हे वर्गात शिकविणे निराळे आणि आपल्या तोंडचे ‘ना’ ऐकणे निराळे. मधली दोन वर्षे केवळ त्या अव्ययामुळे गेली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. आजाराची स्वतःची गती असते. तथापि सेवेची वेळ, जागा आणि पाटी या तीन साध्या गोष्टींविषयी त्याची निश्चित पसंती होती, ती अडाणी नव्हती की आजारातून आलेली नव्हती, आणि ती कोणी विचारली नाही एवढे खरे.

५

प्रश्न विचारणाऱ्याकडून आता घरच्यांकडे व डॉक्टरांकडे वळू. आपल्याकडे आजारी माणूस डॉक्टरकडे जातो त्यापेक्षा अधिक वेळा तो डॉक्टरला ‘दाखविला’ जातो. ‘याला एकदा दाखवून आणा’ या वाक्यात दाखविणारा कर्ता आहे, डॉक्टर पाहणारा आहे आणि आजारी माणूस कर्म आहे. शरीराच्या आजारात ही रचना फारशी बोचत नाही. मनाच्या आजारात मात्र ज्याचे मन दुखावले आहे तोच वाक्यात वस्तू होऊन बसतो. दवाखान्यात गेल्यावर ‘आम्हाला याचं काहीतरी करायचंय’ असे वडील सांगतात. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा जो भेद आहे तो येथे क्रूरपणे स्पष्ट होतो : ‘आम्ही’मध्ये मुलगा नाही. मग डॉक्टर मुलाकडे वळून सौम्य स्वरात म्हणतात, ‘आपण गोळ्या सुरू करू या.’ येथे ‘आपण’ आहे, म्हणजे मुलाचा समावेश झाला. परंतु निर्णय त्याआधीच झालेला आहे. समावेश फक्त व्याकरणात झाला. सहभागाने निर्णय घेण्याचे जे तत्त्व नव्या सेवांत सांगितले जाते त्याची मराठी नक्कल या एका ‘आपण’ने फार सहज करता येते, यास्तव त्याविषयी सावध राहणे इष्ट.

याचा अर्थ कुटुंबास दूर सारावे असा मात्र नव्हे. चेन्नई येथील स्किझोफ्रेनिया रिसर्च फाउंडेशन ही १९८४ साली स्थापन झालेली संस्था आणि माँट्रियल येथील आरंभकालीन सेवा यांनी एकाच धर्तीचे उपचार दोन्हीकडे देऊन तुलना केली. तीत चेन्नईकडील कुटुंबे उपचारकेंद्राशी अधिक जवळून संबंध ठेवतात असे दिसले. आपल्याकडे ‘आम्ही’ हा रुग्णाचा आधारही आहे. तो काढून घेतला तर अनेक रुग्ण दारापर्यंत येणारच नाहीत. तेव्हा एकाकी व्यक्तीची पसंती हे पाश्चात्त्य माप जसेच्या तसे आणणे येथे चुकीचे ठरेल. कुटुंबाचे म्हणणे ऐकावेच. मात्र ते कुटुंबाचे म्हणणे म्हणून वेगळे नोंदवावे. रुग्णाच्या नावावर खपवू नये. कॅनडातील अभ्यासात रुग्ण आणि आप्त परंपरागत सेवेच्या गटात एकत्र पडले आहेत. आपल्याकडे अशी पाहणी झाल्यास त्या दोघांतील अंतर हाच पहिला शोधविषय ठरेल असे वाटते.

जागेच्या पसंतीविषयी गोव्यातील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. नैराश्यावरील साध्या, कृतिप्रधान उपचाराचा एक प्रयोग तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. ४९५ रुग्णांचा त्यात समावेश होता. सहा ते आठ बैठकी, आणि त्या घेणारे डॉक्टर नव्हेत तर प्रशिक्षण दिलेले स्थानिक लोक. बैठक आरोग्य केंद्रात घेण्याची सोय होती, तशी रुग्णाच्या घरीही. हा प्रयोग प्रौढांसाठी होता आणि आरंभकालीन मनोविकृतीशी त्याचा संबंध नव्हता. तरी जेथे उपचार करणारा रुग्णाच्याच बोलीत बोलतो आणि कोठे भेटावयाचे हे दोघांना ठरविता येते, तेथे ‘चालेल’ऐवजी ‘उद्या नको, परवा या’ असे उत्तर मिळण्याची शक्यता वाढते, एवढा बोध त्यातून घेता येईल.

६

पसंतीच्या आड येणारी आणखी एक गोष्ट म्हणजे आजाराचे नाव. ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली ‘स्किझोफ्रेनिया’ ही संज्ञा घडविली ती ‘फाटणे’ व ‘मन’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून. मराठीने तिचे ‘छिन्नमनस्कता’ असे निष्ठेने भाषांतर केले. संस्कृतात ‘छिन्न’ म्हणजे तुटलेले. आणि जे तुटले ते जुळते असा दिलासा या विशेषणात कोठेच नाही. जपानी भाषेतही ‘मन फुटण्याचा रोग’ अशा अर्थाचेच नाव रूढ होते. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेने १९९३ साली ते बदलण्याची मागणी केली आणि २००२ साली तेथील मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने त्याऐवजी ‘एकात्मीकरणातील बिघाड’ अशा अर्थाचे नाव स्वीकारले. त्यानंतरच्या पाहणीत, ज्या रुग्णांना त्यांच्या निदानाची माहिती दिली जाते त्यांचे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवरून तीन वर्षांत सुमारे ७० टक्क्यांवर गेल्याचे आढळले. औषध तेच, डॉक्टर तेच. नाव उच्चारता येईल असे झाले, म्हणून ते उच्चारले गेले. ज्याला आपल्या आजाराचे नाव सांगितलेलेच नाही त्याला उपचाराची पसंती विचारणे हा निव्वळ उपचार होय, हे निराळे सांगावयास नको.

आपल्या कायद्याने या बाबतीत मोठी झेप घेतली आहे. १९१२ च्या कायद्याच्या नावातच वेडाचा उल्लेख होता. १९८७ च्या कायद्याने तो काढला. आणि २०१७ साली संमत होऊन २९ मे २०१८ पासून अंमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येक सज्ञान व्यक्तीस आपल्यावर पुढे कसे उपचार व्हावेत हे आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार दिला. भाषाभ्यासकाने या कलमाची रचना अवश्य पाहावी. उपचार कसे व्हावेत असे वाटते, हा त्याचा पहिला भाग; कसे होऊ नयेत असे वाटते, हा दुसरा; आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हा तिसरा. निर्णयक्षमतेविषयीच्या कलमात, माहिती त्या व्यक्तीस समजेल अशा सोप्या भाषेत, खुणांच्या भाषेत वा चित्रांच्या साहाय्याने द्यावी, असेही म्हटले आहे. निर्णय कळविण्यास बोलणे, हावभाव, खूण यांपैकी काहीही पुरे मानले आहे.

यांतील दुसरा भाग मराठीस विशेष अनुकूल आहे. आपल्या भाषेत ‘नाही’ आणि ‘नको’ असे दोन निराळे नकार आहेत. ‘नाही’ वस्तुस्थिती नाकारते. ‘नको’ इच्छा व्यक्त करते. इंग्रजीत ज्यासाठी पूर्ण वाक्य लागते ते येथे दोन अक्षरांत होते, आणि ते अधिकाऱ्यापुढेही फारसे उद्धट वाटत नाही. ‘मला इंजेक्शन नको’, ‘काकांना कळायला नको’, ‘त्या इमारतीत नको’ : ज्याला काय हवे हे सांगता येत नाही अशा घाबरलेल्या मुलालाही एवढे सांगता येते. निवडीच्या प्रयोगांत ‘यांपैकी काहीच नको’ हा पर्याय कधी ठेवतात, कधी ठेवीत नाहीत. मराठी प्रश्नावलीत तो केवळ शेवटचा पर्याय म्हणून नव्हे, तर पहिला प्रश्न म्हणून ठेवावा असे सुचवावेसे वाटते.

उलट, त्या लिखिताला मराठीत नाव देताना जपावे लागेल. ‘आगाऊ सूचना’ हा शब्द सहज सुचतो. पण ‘आगाऊ’ म्हणजे जसे आधी दिलेले, तसेच मर्यादा सोडून केलेलेही. डॉक्टरला आधीच सांगून ठेवणारा रुग्ण आपल्या समाजात मुळातच आगाऊ ठरतो. त्यात नावानेही भर घालू नये. ‘पूर्वलिखित इच्छा’ यासारखी साधी संज्ञा अधिक बरी.

७

या सर्व विवेचनावर एक रास्त आक्षेप येईल. मनोविकृतीच्या अवस्थेत इच्छाच विकृत होते; उपचार नको म्हणणे हेच आजाराचे लक्षण असते; अशा वेळी ‘नको’ला मान देणे म्हणजे रुग्णास वाऱ्यावर सोडणे होय, असे कोणी म्हणेल. यात तथ्य आहे. उपचार करावे की नाही आणि ते कसे करावे, हे दोन प्रश्न मात्र वेगळे आहेत. पहिल्या प्रश्नावर काही प्रसंगी रुग्णाचे म्हणणे बाजूस ठेवावे लागेल, आणि त्याची शहानिशा करणे तज्ज्ञांचे व कायद्याचे काम आहे. दुसऱ्या प्रश्नावर, म्हणजे वेळ, जागा, पाटी, सोबत, भाषा यांविषयी, अत्यंत आजारी माणसाचेही म्हणणे बहुधा शहाणपणाचे असते. सेवेची आखणी मुख्यतः याच दुसऱ्या प्रश्नाशी निगडित आहे.

तेव्हा पुढील काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पसंती तृतीय पुरुषात विचारली असेल तर निष्कर्षास ‘भाकीत’ म्हणावे. पसंती म्हणावयाची असेल तर ‘तुम्ही’ म्हणून विचारावे. उत्तर कोणत्या क्रियापदात आले ते नोंदवावे, आणि ‘चालेल’ या उत्तरास पसंतीच्या रकान्यात न घालता पुन्हा विचारण्याची खूण समजावे. आप्तांस वेगळे विचारावे. आणि तोच प्रश्न काही आठवड्यांनी पुन्हा विचारावा, कारण सावरत असलेल्या माणसाची क्रियापदे बदलतात. ‘चालेल’ म्हणणारा एक दिवस ‘मला पाहिजे’ म्हणू लागतो, आणि हा बदल बरे होण्याचे एक चिन्ह असू शकेल.

१० ऑक्टोबर २०२२ रोजी देशात दूरध्वनीवरून मानसिक आरोग्याचे साह्य देणारी टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू झाली. या क्रमांकावर बोलणाऱ्यास प्रथम आपली भाषा निवडता येते. रुग्णाच्या पसंतीची सुरुवात भाषेपासून व्हावी हे योग्यच झाले. भाषा निवडल्यानंतर त्या भाषेत त्याला काय व कसे विचारले जाते, याचा अभ्यास मात्र भाषाशास्त्राच्या विभागांनी करावयाचा आहे. दवाखान्यातील संभाषणांचा संमतीपूर्वक संग्रह, प्रश्नावल्यांची परीक्षा, नकाराच्या व होकाराच्या रूपांची नोंद ही कामे पदव्युत्तर प्रबंधांसाठी उपलब्ध आहेत, आणि त्यांना लागणारी साधने आपल्यापाशी आहेत. आपल्या वर्गांतही असा एखादा विद्यार्थी बसलेला असण्याचा संभव आहे. त्याच्याशी बोलण्याची वेळ आली तर निदान वाक्याच्या शेवटचे ‘ना’ गाळावे, आणि त्याला कोणती वेळ सोयीची आहे हे विचारून उत्तराची वाट पाहावी.